विद्यापीठ अमरावतीला, विद्यार्थी लोहाऱ्यात

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात औद्योगिक वसाहत आहे, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यापीठ मात्र नव्वदेक किलोमीटर दूर, अमरावतीला. १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे झालेले आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे सांभाळते. मुख्य आवारातले विभाग, वसतिगृहे, ग्रंथालय यांचा रोजचा लाभ थोड्यांनाच मिळतो. संलग्न महाविद्यालयांतल्या बहुसंख्यांना विद्यापीठ भेटते ते परीक्षेचा अर्ज, निकाल आणि गुणपत्रिकेतून; फार तर युवा महोत्सवात. त्यामुळे विद्यापीठाची पारख अमरावतीच्या इमारतींवरून नव्हे, तर या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळा आणि भरलेल्या शिक्षकपदांवरून व्हायला हवी.

मग यवतमाळला वेगळेच विद्यापीठ द्या, असे कुणी म्हणेल. नागपूरमधूनच २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ निघाले, हा दाखलाही आहे. अंतर त्याने घटेल, हे खरे. पण नवा कुलगुरू आला म्हणून रिकामी पदे आपोआप भरत नाहीत. महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याचा उपाय सक्षम संस्थांना मानवेल. शिक्षकच अपुरे असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाने अभ्यासक्रम कुणाच्या बळावर आखायचा? तिथे सामाईक परीक्षाच पदवीची पत राखते. त्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी सुसज्ज उपकेंद्र आणि फिरते प्राध्यापक हा मार्ग स्वस्त, आणि लवकर होण्याजोगा.