जयंतीच्या वर्गणीपलीकडे: अभ्यासिकेसाठी निधी कुठून आणायचा?

घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर असो की मुलुंड-बोरिवलीच्या वस्त्या, जयंतीची वर्गणी आपली मंडळे जिद्दीने उभी करतात. विहारातली अभ्यासिका वर्षभर चालवायची म्हटले, की मात्र वीजबिलापाशीच गाडी अडते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. मग अंधेरी एमआयडीसीतल्या कंपन्यांचे दार आपण किती वेळा ठोठावले? कायद्याच्या यादीत शिक्षण आहे, आरोग्य आहे, मागास घटकांची विषमता कमी करणारे काम आहे. धार्मिक कार्यक्रम नाहीत. म्हणून अर्ज धम्मसोहळ्याचा नको, अभ्यासिकेचा करा.

खरी अडचण कागदांची. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकराची १२ए व ८०जी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ अर्ज, एवढे लागते. आमच्या पाहण्यातली मंडळे मार खातात ती चेंज रिपोर्टपाशी. कार्यकारिणी बदलते, ९० दिवसांत कळवायचे राहते आणि कागदोपत्री जुनेच पदाधिकारी राहतात. त्यातले एखादे तर हयातही नसतात. यंदा जयंतीचा हिशेब ऑडिटरकडे देताना हा कागदही तपासून घ्या.