गावचे हायस्कूल

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यात हायस्कूल ही गोष्ट जवळपास नव्हतीच. लहान गावात चौथीपर्यंतची शाळा असे आणि मोठ्या गावात सातवीपर्यंतची. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा मास्तर किंवा तलाठी होऊ शकत असे आणि घरच्यांना त्यातच समाधान वाटे. मॅट्रिक व्हायचे तर जिल्ह्याच्या किंवा संस्थानाच्या गावी जावे लागे. फीपेक्षाही मोठी अडचण राहण्या-जेवण्याची होती. ब्राह्मण मुलाला वार लावून किंवा माधुकरी मागून शहरात दिवस काढता येत. शेतकऱ्याच्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांना तीही सोय नव्हती. म्हणून इथे वसतिगृह आधी आले आणि हायस्कूल मागाहून. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि मदत दिली. कुंभोजचे भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्याला आले आणि तिथे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. सर्व जातींची मुले एकाच पंगतीत जेवत, स्वयंपाक आणि शेतातले काम स्वतः करत. बोर्डिंग चालवताना पैसे संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले. १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले आणि १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल. ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे तत्त्व होते. मात्र तेही शहरातलेच. हायस्कूल खऱ्या अर्थाने खेड्यात शिरले ते स्वातंत्र्यानंतर. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प केला. त्याच सुमारास मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले आणि संस्था काही काळ लोकांच्या देणग्यांवर तगली. अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव वारले तेव्हा संस्थेची माध्यमिक विद्यालये शंभरावर गेली होती. आज ती चारशेहून अधिक आहेत.

पन्नास-साठच्या दशकांत एखाद्या गावात हायस्कूल कसे निघे, हे पाहण्यासारखे आहे. आधी गावातले चार वजनदार लोक आणि एखादा शिकलेला तरुण रयतसारख्या संस्थेच्या कचेरीत जाऊन विनंती करत. संस्था विचारी: जागा आहे का, पाण्याची सोय आहे का, आसपासच्या वाड्यांतून मुले किती येतील, आणि वर्गणी किती जमेल? गावकरी होकार देऊन परतत आणि मग खरी वर्गणी सुरू होई. सुगीत खळ्यावरच धान्य गोळा होई. ज्याच्याकडे धान्य नाही तो बैलगाडीने दगड-वाळू आणून टाकी, किंवा अंगमेहनत करी. तोवर आठवीचा पहिला वर्ग मारुतीच्या देवळात, धर्मशाळेत किंवा कुणाच्या रिकाम्या वाड्याच्या सोप्यात भरे. दरवर्षी एक वर्ग वाढे. तीन-चार खेड्यांत हायस्कूल कुणाकडे यावरून भांडण लागले, की ते कुणाच्याच गावठाणात न होता फाट्यावरच्या माळावर उभे राही. आज अनेक शाळा वस्तीपासून लांब उघड्यावर दिसतात, त्यातल्या कित्येकांमागे अशी तडजोड आहे.

नावालाही किंमत होती. मोठी देणगी देणाऱ्याच्या वडिलांचे किंवा आईचे नाव शाळेला मिळे. देणगीदार मिळेपर्यंत ‘न्यू इंग्लिश स्कूल’ ही पाटी चाले. हे नाव पुण्यात १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी काढलेल्या शाळेचे. खेड्यातल्या या शाळांत शिक्षण अर्थातच मराठीतून होई.

हायस्कूल म्हणजे त्या काळी आठवी ते अकरावी. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा १९४९ पासून एसएससी परीक्षेने घेतली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या काळात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. खेड्यातल्या मुलाला ही भाषा चार वर्षांत परीक्षेइतकी शिकावी लागे आणि निकाल इंग्रजी व गणितातच अडे. पहिल्या काही वर्षांत अकरावीच्या वर्गात दहा-पंधरा मुले असत. त्यातली निम्मी पास झाली तरी गाव पेढे वाटे. मुली एखाद-दुसऱ्या, बहुधा मास्तरांच्या किंवा पाटलांच्या घरच्या.

फीचा अडसर १९५९ मध्ये बराच दूर झाला. त्या वर्षी आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फीमाफी देणारी ईबीसी सवलत आली. उत्पन्नाची मर्यादा प्रथम ९०० रुपये होती, ती लवकरच १२०० करण्यात आली. कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न कागदावर तेवढेही दाखवता येत नसे, त्यामुळे सवलत जवळजवळ सगळ्या गावाला लागू पडली. फीमाफीची भरपाई सरकार देई, म्हणून शाळेचाही महसूल बुडाला नाही. ग्रामीण हायस्कूलच्या वाढीत या एका निर्णयाचा वाटा कुठल्याही आयोगाच्या अहवालापेक्षा मोठा आहे.

सगळीकडे गोष्ट एकसारखी घडली नाही. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून होते आणि शाळा मोजक्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची आणि अंबाजोगाईची योगेश्वरी १९३५ ची. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते आणि मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते इथे घडले. विदर्भात पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. कोकणात जमीन थोडी आणि माणसे मुंबईला, तेव्हा गिरणगावातल्या ग्राममंडळांनी पगारातून वर्गणी काढून गावी हायस्कूल बांधले. बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या शाळा कोल्हापूर भागातून दूरवर पसरल्या.

१९७२ च्या दुष्काळात वर्ग ओस पडले. वरच्या वर्गातली मुले आईबापांबरोबर दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात. त्यातून शाळा सावरत होत्या तोच अभ्यासक्रम बदलला. १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली. अकरावी शाळेतून निघून कनिष्ठ महाविद्यालयात गेली, आणि गणित-विज्ञान सगळ्यांनाच सक्तीचे झाले. शहरातल्या शाळांना हे फारसे जड गेले नाही. खेड्यात प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, त्यात थोड्या परीक्षानळ्या आणि एक मानवी सांगाड्याचा तक्ता. विज्ञानाचा पदवीधर शिक्षक मिळणे त्याहून कठीण होते. मोठ्या शाळांनी कनिष्ठ महाविद्यालये जोडून घेतली. लहान शाळांतली मुले दहावीनंतर पुन्हा तालुक्याच्या गावी जाऊ लागली.

शिक्षकाचे जिणे मात्र या काळात सुधारले. पूर्वी पगार महिनोन्‌महिने थकत आणि काही ठिकाणी सही एका रकमेवर तर हातात दुसरीच. सरकारकडून पगाराची रक्कम थेट बँकेत येऊ लागली आणि खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा १९८१ पासून अमलात आला. मग मनात आले म्हणून शिक्षकाला काढणे संस्थाचालकाला सोपे राहिले नाही. दुसरी बाजूही आहे. पगार सरकार देते हे पक्के झाल्यावर गावाने शाळेकडे लक्ष देणे कमी केले. वर्गणी आटली, आणि गळक्या कौलांसाठीही सरकारी वेतनेतर अनुदानाची वाट पाहिली जाऊ लागली.

साखर पट्ट्यात चित्र वेगळे होते. उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे शिक्षणासाठी कापले जात. प्रवरानगर आणि वारणानगर येथे कारखान्याच्या आश्रयाने शाळांपासून महाविद्यालयांपर्यंत सगळे उभे राहिले. इमारती देखण्या झाल्या. त्याबरोबर हायस्कूल हे राजकारणाचे ठाणेही झाले. नोकरी कुणाला लावायची यावर पंचक्रोशीतली मते फिरत, आणि शिक्षक निवडणुकीत कुणासाठी फिरतो यावर त्याची बदली ठरे.

मुलींची संख्या खऱ्या अर्थाने वाढली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत. फी आधीच माफ झाली होती, पण निर्णायक ठरली ती एसटी. ग्रामीण मुलींना मोफत पास मिळू लागला आणि मुक्कामी गाडी सकाळी शाळेच्या वेळेला सुटू लागली, तेव्हा वाड्या-वस्त्यांवरच्या मुली दहावीपर्यंत पोहोचल्या. शाळेत स्वच्छतागृह नसणे हे गळतीचे मोठे कारण होते. संस्थांच्या वार्षिक अहवालांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

२००० नंतर सरकारचा हात आखडला. शिक्षण सेवक योजनेत नवा शिक्षक तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर आला. २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता मिळू लागली. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला, पण अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी आले. दरम्यान कित्येक शिक्षकांनी सकाळी शाळा आणि दुपारी शेतमजुरी किंवा शिकवण्या असे दिवस काढले. एके काळी धान्याच्या वर्गणीवर चाललेली शाळा आता शिक्षकाच्या फुकट श्रमावर चालत होती. भरतीतल्या ‘डोनेशन’ला आळा घालण्यासाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. त्याने व्यवहार कमी झाला, पण भरतीच रखडली आणि गणित-इंग्रजीच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या.

दरम्यान पट घसरत गेला. घरटी मुले कमी झाली, इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या वाड्यावस्त्यांपर्यंत आल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर काही जिल्हा परिषद शाळांनी आठवीचा वर्ग स्वतःकडेच ठेवला. तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि चित्रकला, शारीरिक शिक्षण या विषयांवर पहिली कुऱ्हाड येते. करोनाच्या काळात २०२१ ची दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, आणि रेंजसाठी टेकडीवर चढणारी मुले हा ऑनलाइन शिक्षणाचा खेड्यातला अर्थ ठरला. माजी विद्यार्थ्यांच्या बॅचेस हल्ली संगणक, बाके, पाण्याची टाकी देतात. शिक्षकाचा पगार मात्र त्यातून निघत नाही.

मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या, निर्णयाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या वर्गांची शिक्षकपदे धोक्यात आणली आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. सपाटीवर, पाच किलोमीटरच्या आत दुसरे हायस्कूल असेल तर दोन शाळा एकत्र करणे समजण्यासारखे आहे. पाटण, भोर, वेल्हे, अकोले यांसारख्या डोंगरी तालुक्यांत तसे करता येत नाही. तिथे नववीचा वर्ग गेला की मुलगे सायकल किंवा वसतिगृहाचा मार्ग काढतात आणि मुलींची शाळा आठवीतच सुटते. अशा ठिकाणी शिक्षक पटावर नव्हे, अंतरावर मंजूर झाला पाहिजे.