औषध मारावं की थांबावं?

रोश हशानाचे दिवस जवळ आले, की न्यूयॉर्क भागातली आपली बरीच मंडळी मुलाबाळांना घेऊन हडसन खोऱ्यात सफरचंदं तोडायला जातात. आम्हीही जातो. मुलं झाडावरचं फळ तसंच तोंडाला लावतात आणि आज्या ओरडतात, "अरे, धुऊन खा! औषध मारलेलं असतं!"

आज्यांचं बरोबरच आहे. पण औषध कधी मारायचं, हे शेतकरी ठरवतो कसं?

मुलांनो, सफरचंदाची मोठी वैरीण म्हणजे कॉडलिंग मॉथ या पतंगाची अळी. अंड्यातून निघाली की ती फळात शिरते, मग औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नेमकी वेळ साधावी लागते. वसंतात बागायतदार झाडाला कामगंध सापळा टांगतो. मादीचा वास समजून नर पतंग त्यात येऊन चिकटतात. ते नेमाने सापडू लागले, की उन्हाचा हिशोब सुरू. दिवसाचं सरासरी तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या वर जितकं, तितके गुण. ६० अंश असेल तर १० गुण. बेरीज २५० च्या आसपास गेली, की अंडी फुटू लागतात. तीच फवारणीची वेळ! पतंग अगदीच थोडे असले, तर फवारणी टाळताही येते. कॉर्नेल विद्यापीठाची 'नेवा' ही सेवा बागांजवळच्या हवामान केंद्रांवरून असे हिशोब करून देते.

झाडं फुलावर असताना मात्र कीटकनाशक मारायचं नाही. मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं? शिवाय डब्यावरच्या सूचना पाळणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही, तेही त्यावर लिहिलेलं असतं. तरी धाकधूक असतेच, कारण किडकं फळ गिऱ्हाईक घेत नाही.

हे पाहताना आपल्या महाराष्ट्रातला शेतकरी आठवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, औषध तोंडावर येत होतं. कित्येकांकडे ना मास्क, ना हातमोजे. कोणतं औषध, किती, कशात मिसळून, हे अनेकांना सांगणारा कोण, तर औषध विकणारा दुकानदारच.

दोघांचीही चिंता एकच, पीक हातचं जाऊ नये. शहाणपणात यवतमाळचा शेतकरी कमी नव्हता. फरक इतकाच, की इथल्या बागायतदाराला विचारायला जागा आहे आणि सांगणाऱ्याला औषध विकायचं नसतं. असा सल्लागार बांधावर असता, तर काही घरांतले कर्ते पुरुष वाचले असते, असं आम्हाला वाटतं.

तेव्हा मुलांनो, बागेत गेलात की सापळा कुठे टांगलाय ते जरूर विचारा. आणि सफरचंद मधात बुडवण्याआधी नळाखाली चोळून धुवा. आजी सांगते म्हणून!