पी. मुंक : लष्कराकडून विजयाची अपेक्षा न ठेवणारा संरक्षणमंत्री

छोटी राष्ट्रे, मोठी युद्धे : भाग 9

मागच्या आठवड्यात आपण डेन्मार्कच्या 1864 च्या पराभवापर्यंत आलो होतो. श्लेस्विग आणि होल्श्टाइन गेले, आणि पुढची पन्नास वर्षे डॅनिश राजकारणात एक वाद धुमसत राहिला : शेजारी जर्मनी असताना एवढ्याशा देशाने सैन्यावर पैसा ओतून मिळणार काय? काहीच नाही, असे मानणाऱ्यांपैकी सर्वांत अभ्यासू माणूस 1913 मध्ये डेन्मार्कचा संरक्षणमंत्री झाला. त्याचे नाव पीटर मुंक.

मुंक यांचा जन्म 1870 चा, लिमफिओर्डमधल्या मोर्स बेटावर. ते इतिहासकार होते. त्यांची क्रमिक पुस्तके डॅनिश शाळांमध्ये वर्षानुवर्षे वाचली गेली. 1905 मध्ये राडिकाले व्हेन्स्ट्रे हा पक्ष निघाला, त्याच्या संस्थापकांत ते होते.

लष्कर अजिबात नको, असे त्यांचे म्हणणे होते असा समज आढळतो. तो अपुरा आहे. शेताचा राखणदार चालून आलेली फौज अडवू शकत नाही, पण बांध कोणी ओलांडला तर हाक देतो. तेवढेच काम सैन्याने करावे, असे त्यांचे मत होते. सीमेवर पहारा ठेवायचा आणि तटस्थता मोडली तर जगासमोर तशी नोंद करायची. जिंकता न येणारे युद्ध लढून माणसे मारायची नाहीत.

या मताची परीक्षा पहिल्या महायुद्धात लगेचच झाली. 5 ऑगस्ट 1914 रोजी जर्मनीने विचारले, की ग्रेट बेल्टची सामुद्रधुनी डेन्मार्क पाणसुरुंगांनी बंद करणार का? प्रश्न साधा नव्हता. सुरुंग पेरले तर बाल्टिककडे येणारी ब्रिटिश आरमाराची वाट अडते, म्हणजे जर्मनीला साथ दिल्यासारखे होते. नकार दिला तर जर्मनी डॅनिश पाण्यात स्वतः सुरुंग पेरणार, आणि मग युद्ध दारात. मंत्रिमंडळ आधी नकाराकडे झुकले होते. राजा दहावा क्रिश्चन आणि नौदलाचे प्रमुख यांनी सुरुंगांचा आग्रह धरला, आणि अखेर सरकारने होकार दिला. राजाने ब्रिटनच्या पाचव्या जॉर्जना परिस्थिती कळवली, आणि ब्रिटनने ती समजून घेतली. तत्त्वाच्या कसोटीवर हा निर्णय डागाळलेला आहे, तरी मला तो योग्य वाटतो. डेन्मार्क त्या युद्धाबाहेर राहिला.

युद्धारंभी पन्नास हजारांहून अधिक माणसे पहाऱ्यासाठी बोलावली गेली होती. मुंक ती संख्या उतरवत नेऊ पाहत होते, सेनाधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते, आणि खटके उडत राहिले. मात्र त्यांच्या कारकिर्दीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम वेगळेच आहे. 1917 मध्ये, सारा युरोप तरुणांना खंदकांत ढकलत असताना, डेन्मार्कने कायदा केला : ज्याची सद्सद्विवेकबुद्धी शस्त्र धरू देत नाही, त्याने त्याऐवजी नागरी काम करावे. तो काळ सैनिकी सेवेपेक्षा लांबच होता, पण शस्त्र नाकारणारा आता गुन्हेगार उरला नाही. संरक्षण खात्याने असा कायदा आणावा, हे तेव्हा फारच दुर्मीळ होते. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, डॅनिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात प्रथमच चार स्त्रिया निवडून आल्या. त्यांपैकी एक होत्या मुंक यांच्या पत्नी एल्ना, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या कार्यकर्त्या.

1920 मध्ये राजाने पंतप्रधान सॅले यांचे सरकार बरखास्त केले आणि मुंक यांचे मंत्रिपद गेले. 1929 पासून ते परराष्ट्रमंत्री होते. विचार तोच राहिला, समोरचा जर्मनी मात्र बदलला होता. मे 1939 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत हिटलरच्या सरकारशी अनाक्रमणाचा करार झाला. 9 एप्रिल 1940 च्या पहाटे जर्मन राजदूताने मुंक यांना मागण्यांचा खलिता दिला, आणि काही तासांत डेन्मार्क शरण गेला. 1914 मध्ये जर्मनीला डेन्मार्क तटस्थ राहिलेलाच सोयीचा होता. 1940 मध्ये नॉर्वेवरील स्वारीसाठी त्याला डॅनिश विमानतळ हवे होते. जुलैत मुंक यांनी परराष्ट्र खाते सोडले. त्यांच्यावर झालेली टीका कठोर होती. पण अधिक फौज असती तर त्या सकाळी काय वाचले असते, याचे ठोस उत्तर टीकाकारांकडे मला आढळले नाही. प्रतिकाराची नोंद मात्र अधिक ठसठशीत उमटली असती, आणि तशी नोंद तर त्यांनाही हवी होती.

मुंक जानेवारी 1948 मध्ये वारले. त्यांच्या आठवणी मृत्यूनंतर आठ खंडांत प्रसिद्ध झाल्या. एप्रिल 1949 मध्ये डेन्मार्कने नाटो करारावर सही केली आणि तटस्थतेचे धोरण सोडले. तो निर्णय कसा झाला, ते पुढच्या भागात.