आधी मुक्काम, मग रस्ता

‘मध्ये काही नाही हो आई, सरळ रस्ता आहे,’ जावई म्हणाला. मुलीकडे आयोवा सिटीला आले होते आणि आयोवा राज्य या नदीपासून त्या नदीपर्यंत मोटारीने पाहायचं, असं आमचं ठरत होतं. मुलीने फोनवर नकाशा उघडला. पश्चिमेच्या मिझुरी नदीपासून पूर्वेच्या मिसिसिपीपर्यंत एक निळी रेघ दिसली. रस्त्याचं नाव इंटरस्टेट ८०, वेळ साडेचार तास. नियोजन संपलं, असं त्या दोघांना वाटलं.

मला ते ‘मध्ये काही नाही’ खटकलं. ही रेघ ३०६ मैलांची, म्हणजे ४९२ किलोमीटरची आहे. राज्यात ३२ लाख माणसं राहतात. अमेरिकेत सर्वांत जास्त मका इथे पिकतो, सर्वांत जास्त डुकरं इथे पाळली जातात. एवढ्या जमिनीतून जाणाऱ्या रस्त्यावर काहीच नाही, हे कसं? या रस्त्यावरून पोटासाठी जाणाऱ्या माणसाला विचारावं, असं मनात आलं आणि मुलीला म्हटलं, मला वॉलकॉटला सोड.

वॉलकॉट हे मिसिसिपीपासून वीसेक मैलांवरचं गाव. एक्झिटचा क्रमांक २८४. तिथला ‘आयोवा ८०’ हा ट्रक स्टॉप १९६४ पासून चालू आहे आणि जगातला सर्वांत मोठा ट्रक स्टॉप म्हणून तो ओळखला जातो. सुमारे ९०० ट्रक उभे राहतील एवढं आवार, अंघोळीच्या खोल्या, कपडे धुण्याची यंत्रं, न्हावी, दातांचा डॉक्टर, सिनेमा पाहायची खोली आणि शेजारी जुन्या ट्रकांचं संग्रहालय. ऑक्टोबर होता. मक्याची कापणी चालली होती. बाहेर डिझेलच्या वासात कापणीची कोरडी धूळ मिसळली होती आणि शीतपेट्यांच्या ट्रेलरची घरघर एकसारखी ऐकू येत होती.

आतल्या उपाहारगृहात पगडीधारी, पांढऱ्या दाढीचा एक चालक वहीत काहीतरी लिहीत बसला होता. मी मुलीशी मराठीत बोलत होते. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, ‘इंडिया से, आंटीजी?’ मूळ गाव जालंधरकडचं, घर कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळ. अमेरिकेच्या ट्रकव्यवसायात शीख चालक मोठ्या संख्येने आहेत. इंटरस्टेट ८० वर नेब्रास्का-वायोमिंगमध्ये पंजाबी जेवण मिळणारे ट्रक स्टॉपही आहेत. हा सकाळी इंडियानातून निघून इथवर आला होता. त्याची अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती चालू होती. तेवढाच वेळ माझ्या वाट्याला होता.

आम्ही आयोवा पाहायला निघणार आहोत, पण नियोजन कसं करायचं कळत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, ‘आयोवा तीन सौ छह मील का है. पहले सोने की जगह, फिर रोड.’ आधी मुक्काम, मग रस्ता. आणि वही माझ्याकडे वळवली.

साधी रेघांची वही. डाव्या बाजूला मैलांचे आकडे, उजवीकडे गुरमुखीत दोन-दोन शब्द. पानाच्या तळाशी तीन आकडे चौकटीत. तिथून त्याने पान भरायला सुरुवात केली होती, खालून वर. चौकटीतले आकडे म्हणजे रात्री ट्रक लावायच्या तीन जागा : पहिली नाही मिळाली तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी. मग त्यांच्यावर तेल भरायची जागा. त्याच्यावर डेस मॉइन शहराचा गर्दीचा पट्टा, मैल १३७ ते १२३, जिथे इंटरस्टेट ३५ येऊन ८० ला मिळतो आणि दोन्ही रस्ते काही मैल एकच होतात. आणखी एका ओळीत लिहिलं होतं ‘८५ ते ७०, हवा’.

हा उलटा हिशेब का, ते त्याच्या घड्याळाने सांगितलं. अमेरिकेतल्या नियमानुसार मालवाहू ट्रकच्या चालकाला कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. ८ तास चालवल्यावर अर्धा तास थांबणं सक्तीचं. मग सलग १० तास सुट्टी. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत ही नोंद यंत्रच ठेवतं. त्याने यंत्राचा पडदा दाखवला. साडेचार तास शिल्लक होते आणि वाजले होते चार. हिशेबाने तो मिझुरीपर्यंत जेमतेम पोचू शकत होता. पण डेस मॉइनच्या थोडं पुढे, पावणेसातच्या सुमाराला तो थांबणार होता. हातातला दीड तासाहून जास्त वेळ सोडून देणार होता.

मी विचारलं, का? त्याने बोटाने पडद्यावर टकटक केलं. रात्री साडेआठला मिझुरीजवळ पोचलं की सगळ्या जागा भरलेल्या असतात. जागा शोधत फिरायचं तर घड्याळ थांबत नाही. घड्याळ संपलं आणि ट्रक रस्त्यावर असला तर नियमभंग. एक्झिटच्या उतारावर, रस्त्याच्या कडेला लावावा तर जिवाला धोका. मग तो म्हणाला, ‘तीन सौ छह मील के पैसे मिलते हैं. रुकने के नहीं.’

३०६ मैलांचे पैसे मिळतात, थांबण्याचे नाहीत. हे वाक्य मला पुढे संपूर्ण प्रवासभर सोडेना. लांब पल्ल्याच्या कित्येक चालकांचा मेहनताना मैलावर ठरतो. आंतरराज्य ट्रकचालकांना जादा तासांची दीडपट मजुरी द्यावी लागू नये, अशी सूट अमेरिकेच्या १९३८ च्या श्रमकायद्यात आहे आणि ती अजून टिकून आहे. माल उतरवायला खोळंबलेला तास, बर्फात अडकलेला तास, जागा शोधण्यातला तास, या सगळ्यांचा भार चालकाच्या अंगावर पडतो. त्याने सोडलेल्या त्या दीड तासाला माझ्या मते समजूतदारपणा हेच नाव आहे. पण तो समजूतदारपणा त्याच्याच खिशातून भरला जातो, हे अन्यायाचं आहे.

जागेचा प्रश्न किती जीवघेणा आहे, हे अमेरिकेने एका मृत्यूतून शिकून घेतलं. मार्च २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा चालक माल वेळेआधी पोचल्यामुळे थांबायला जागा शोधत होता. साउथ कॅरोलायनात एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर त्याने ट्रक लावला आणि तिथे लुटारूने त्याला गोळी घातली. त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकांच्या पार्किंगसंबंधीचा ‘जेसन्स लॉ’ झाला. प्रत्येक राज्यात जागा किती अपुऱ्या आहेत याची पाहणी त्यामुळे सुरू झाली. माझ्यासमोरचा चालक ही गोष्ट जाणून होता. वहीच्या तळाशी तीन चौकटी होत्या, त्या म्हणूनच.

त्याच्याकडून मी हा रस्ता वाचायला शिकले. इंटरस्टेटचा सम क्रमांक म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता, विषम म्हणजे उत्तर-दक्षिण. मैलांची मोजणी राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासून सुरू होते आणि आयोवात एक्झिटला त्या मैलाचाच क्रमांक मिळतो. म्हणजे एक्झिट २८४ ला उभं राहिलं की मिझुरी २८४ मैलांवर आणि मिसिसिपी २२ मैलांवर, हे पाटीच सांगते. नकाशा नसला, फोन बंद पडला तरी माणूस हरवत नाही.

या रस्त्यांमागे ड्वाइट आयझेनहॉवर आहे. १९१९ मध्ये तरुण लष्करी अधिकारी असताना तो लष्करी गाड्यांच्या ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. ताफा आयोवातूनच गेला आणि पोचायला ६२ दिवस लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २९ जून १९५६ रोजी त्याने इंटरस्टेटच्या कायद्यावर सही केली. आयोवात ८० चा पहिला तुकडा १९५८ मध्ये डेस मॉइनच्या पश्चिमेला खुला झाला आणि मिझुरीवरचा पूल १९७२ मध्ये.

त्या कायद्यातली एक गोष्ट सहलीला निघणाऱ्याने लक्षात ठेवावी. इंटरस्टेटच्या रेस्ट एरियात दुकान, हॉटेल, पंप चालवायला बंदी आहे. स्वच्छतागृह, पाणी, बाक आणि नाणी टाकून खाऊ देणारी यंत्रं, बस्स. धंदा एक्झिटवरच्या गावांना मिळावा, हा त्यामागचा हेतू. पण एक्झिटला उतरल्या उतरल्या दिसतात ते त्याच साखळ्यांचे पंप आणि तेच बर्गर, मग राज्य कोणतंही असो. खरं गाव आणखी मैलभर किंवा पाच-सात मैल आत असतं. ‘मध्ये काही नाही’ म्हणणारी माणसं पंपावरूनच परत फिरलेली असतात.

घरी येऊन आम्ही वही घेतली आणि त्याच्यासारखं खालून वर लिहिलं. आधी मुक्काम, मग पाहायची ठिकाणं, सगळ्यात शेवटी तास. साडेचार तासांचे दोन दिवस झाले.

वेस्ट ब्रँच, एक्झिट २५४ : पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर १८७४ मध्ये जिथे जन्मला ते लहानसं घर. अमाना, एक्झिट २२५ : जर्मनीहून आलेल्या एका धर्मपंथाने १८५५ पासून वसवलेली गावं, जिथे १९३२ पर्यंत शेती, स्वयंपाक, मालमत्ता सगळं सामाईक होतं. न्यूटन, एक्झिट १६४ : मेटॅग कंपनीच्या धुलाईयंत्रांचं गाव. कंपनी विकली गेल्यावर २००७ मध्ये कारखाना बंद झाला आणि पुढे त्याच गावात पवनचक्क्यांचे भाग बनू लागले. या सगळ्याच्या मधोमध आयोवा सिटी आहेच. तिथल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात आपले दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात होते. मराठी वाचकाला तरी या रेघेवर ‘काही नाही’ म्हणता येणार नाही.

पण मला सर्वांत जास्त ओढ लागली होती ती वहीतल्या ‘८५ ते ७०, हवा’ या ओळीची. डेस मॉइन मागे पडलं तसा रस्ता चढायला लागला. आयोवा सपाट आहे असं सगळे म्हणतात, पण इथे जमीन लांब लांब लाटांनी वर जाते. अडेअर गावाजवळ एक जलविभाजक आहे : पूर्वेकडचं पाणी मिसिसिपीकडे, पश्चिमेकडचं मिझुरीकडे. आडोसा कुठेच नाही. ७६ व्या मैलाच्या आसपास वारा दारावर असा आदळला की जावयाने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. शेजारून रिकामा ट्रेलर घेऊन एक ट्रक चालला होता. त्याची मागची बाजू वाऱ्याने हळूहळू पांढऱ्या पट्ट्याकडे सरकायची आणि चालक ती परत आणायचा. पुन्हा सरकायची, पुन्हा आणायचा. भरलेला ट्रक ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांचा असतो, त्याला वारा फारसा हलवत नाही. भीती रिकाम्याला.

त्याच वाऱ्यावर हा भाग उभा आहे. टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि आयोवात तयार होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे. अडेअरजवळच्या रेस्ट एरियात पवनचक्कीचं एक अख्खं पातं जमिनीत उभं रोवलं आहे. मी त्याच्या बुंध्याला हात लावून वर पाहिलं, टोक दिसायला मान पूर्ण मागे न्यावी लागली. पुढे एक्झिट ५४ ला उतरून एल्क हॉर्नला गेलो. तिथे १८४८ मध्ये डेन्मार्कात बांधलेली लाकडी पवनचक्की आहे. १९७६ मध्ये गावकऱ्यांनी ती तिथून सुटी करून आणली आणि इथे पुन्हा जोडली. स्थलांतरित डॅनिश लोकांच्या वंशजांनी आपल्या आजोबांच्या देशातलं वाऱ्यावर दळण्याचं यंत्र आयोवाच्या वाऱ्यात उभं केलं, ही गोष्ट निळ्या रेघेवर दिसत नाही.

परतीला संध्याकाळ झाली. रेस्ट एरियात ट्रकांच्या लांब जागा सातच्या आतच भरल्या होत्या. आत येण्याच्या उतारावरही दोन ट्रक दिवे लावून उभे होते. ट्रकांच्या जागेत एक मोटारही होती, मागे सायकली बांधलेली, कुटुंब बाकावर डबा खात बसलेलं. बाजूला मोटारींसाठी कितीतरी जागा रिकामी होती.

आपल्याकडे समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा लोक किती तासांत पोचतो याचाच हिशेब करत होते आणि थांबण्याच्या सोयी मागून येत राहिल्या. महामार्गाची योग्यता तो किती वेगाने नेतो यावर ठरू नये. दमलेल्या माणसाला तो किती ठिकाणी सुरक्षित थांबू देतो, यावर ठरावी.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांनी इंटरस्टेटने राज्य ओलांडायचं ठरवलं, तर तासांपासून सुरुवात करू नये. आधी मुक्काम लिहावा, मग तीन-चार एक्झिट निवडावेत आणि प्रत्येक ठिकाणी पंपाच्या पुढे मैलभर तरी आत जावं. अंधार पडण्याआधी थांबावं. आणि रेस्ट एरियात ट्रकांच्या लांब जागेत आपली मोटार लावू नये. आपल्याला कुठेही थांबता येतं. ज्याच्या घड्याळात वीस मिनिटं उरली आहेत, त्याला तेवढीच जागा असते.