पासबुकातले १७ रुपये ७० पैसे

कारंजा धरणावर, बेन्नेतोऱ्यात, भीमेवर जाळं टाकणाऱ्या बंधू-भगिनींनो, पासबुकात एंट्री शेवटची कधी मारली?

जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही, म्हणून दंडही नाही. तरी पैसे कापले गेलेत. स्टेट बँकेनं एप्रिल २०१७ पासून अशा खात्यांतून महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले, की दर वेळी १७ रुपये ७० पैसे घेतले, यूपीआय आणि रुपे कार्डावरसुद्धा. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रानं १ जानेवारी २०२० नंतरचे डिजिटल व्यवहारांचे पैसे परत करायला सांगितलं. आयआयटी मुंबईच्या अहवालानुसार २५४ कोटींपैकी ९० कोटीच परत आले. सतरा रुपयांसाठी मासळी सोडून बँकेत कोण जाणार? तिथंच त्यांचं फावतं.

साध्या बचत खात्यात शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी कळवून महिन्याची मुदत द्यायची असते. नुसत्या दंडानं खातं शून्याखाली नेता येत नाही.

काही कापलेलं दिसलं तर रकमेखाली रेघ ओढा आणि लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलं तर साहेब "बघतो" म्हणतात, न् विसरतात. अर्ज कन्नडमध्ये लिहा नाहीतर मराठीत, पण शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही. माहितीला १४४४८ वर फोन लावा, मराठीत बोलता येतं. मात्र उशीर होऊ देऊ नका.

अर्ज लिहायला अडलं तर पासबुक घेऊन संस्थेत या.