फिनलंडचा एक जुना गीतसंग्रह व हिशेबांचीं वेष्टनें

फिनलंडमधील समूहगायनाचा विषय निघाला म्हणजे सिबेलियसचें नांव प्रथम पुढें येतें. परंतु या परंपरेचें जें अत्यंत जुनें छापील साधन, त्यांतील बहुतेक चालींचे कर्ते अज्ञात आहेत. ज्ञात आहेत ते केवळ संग्राहक. जुन्या कागदपत्रांचा व्यासंग करणारांनीं त्याचा इतिहास अवश्य पाहावा, असें आम्हांस वाटतें.

‘पिए कान्तिओनेस’, म्हणजे ‘पवित्र गीतें’, हा ७४ लॅटिन गीतांचा संग्रह इ. स. १५८२ मध्यें जर्मनींतील ग्राइफ्सवाल्ड येथें छापला गेला. तो छापविणारा थेओडोरिकुस पेट्री हा फिनलंडचाच एक तरुण विद्यार्थी. पदांचें शोधन केलें तें तुर्कू येथील कॅथीड्रलच्या शाळेचे मुख्याध्यापक याकोबुस फिन्नो यांनीं. यांतील बहुतेक गीतें एका आवाजांत म्हणावयाचीं असून थोडीं दोन ते चार आवाजांचीं आहेत.

येथें पाठचिकित्सेचा प्रश्न उद्भवतो. फिन्नो हे लूथरपंथी. मेरीच्या स्तुतीचीं कांहीं पदें त्यांनीं ख्रिस्तपर करून घेतलीं. म्हणजे छापील पाठ जुना खरा, परंतु तो मूळ पाठ नव्हे. चाल टिकते, शब्द पालटतात. पुढें या दुर्मिळ ग्रंथाची एक प्रत इंग्लंडांत नील यांच्या हातीं आली, व त्यांतील एका वसंतगीताच्या चालीवर त्यांनीं राजा वेन्सेस्लासची कथा बसविली. १८५३ मध्यें प्रसिद्ध झालेलें तें गीत आज नाताळांत सर्वत्र गातात. मूळ वसंतगीत कोणास आठवत नाहीं.

मग त्यापूर्वींच्या हस्तलिखितांचें काय झालें? १८२७ च्या आगींत तुर्कूच्या विद्यापीठाचें ग्रंथालय जवळजवळ सारें भस्मसात् झालें. परंतु सोळाव्या शतकांत, धर्मसुधारणेनंतर, स्वीडिश राजाच्या अंमलदारांनीं चर्चचे निरुपयोगी ठरलेले चर्मपत्री ग्रंथ फाडून त्यांचीं पानें महसुली हिशेबांच्या वह्यांस वेष्टन म्हणून घातलीं होतीं. त्या वह्या स्टॉकहोम येथें असल्यामुळें वांचल्या. आज हेलसिंकी येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत अशीं ९,००० हून अधिक पानें आहेत, व त्यांतील पुष्कळांवर स्वरलिपि आहे. कोणत्या भागाच्या व कोणत्या वर्षाच्या हिशेबावर पान होतें, यावरून मूळ ग्रंथ कोठें वापरांत होता याचें अनुमान करतां येतें.

ग्रंथालयांत जपलेलें जळालें. टाकाऊ म्हणून वापरलेलें तरलें. आमच्या संग्राहकांनींही दप्तर सोडतांना वेष्टनाचा कागद फेकूं नये, आणि तो वेगळा करण्यापूर्वीं कोणत्या रुमालावरचा, कोणत्या सालच्या कागदांवरचा, एवढी नोंद अवश्य करावी.